दोन रात्रींसाठी नऊ सदरे

चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या मास्तरांना हल्ली काही आठवत नसे, पण आलिशान तंबूतली सहल मात्र डोक्यात पक्की बसली होती. मुलाने फोनवर फोटोच दाखवले होते. तंबूत पलंग, गालिचा, गरम पाण्याचा टब! सकाळपासून ते बायकोच्या मागे लागले होते, टॉर्च घेतला का, कानटोपी घेतली का.

"घेतली हो! किती वेळा तेच तेच?" ती खेकसली आणि मनातून चरकली.

कारण बॅग वृद्धाश्रमासाठी भरली जात होती. फोटोंची युक्ती मुलाची, पण मान तिनेच डोलावली होती. गॅस चालू ठेवून मास्तर दोनदा घराबाहेर निघून गेले होते. आता तिच्याच्यानं होत नव्हतं.

प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवून आणा, असं आश्रमाने कळवलं होतं. तिला सुईत दोराच ओवता येईना. मास्तरांनी सुई काढून घेतली.

"तिथे धुलाईत कपड्यांची अदलाबदल होत असेल," त्यांनीच कारण शोधलं. "पण दोन रात्रींसाठी नऊ सदरे? लग्नाला निघालोय का?"

सकाळचा चहा प्यायल्याचंही न आठवणाऱ्या त्या माणसाने नऊच्या नऊ पट्ट्या शिवल्या, एक टाका वाकडा नाही. शेवटचा दोरा दातांनी तोडून त्यांनी हात पुढे केला.

"माझे झाले. आण आता तुझे कपडे."