तिच्या मशीनचा झेंडा

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. पोराले नाही, सुनेले नाही, आणि जिले सांगायचं होतं तिले तर नाहीच. तुम्हाले लिहून सांगतो, कारण तुम्ही माह्या नात्यातले नाही, आणि तुम्ही काय म्हणान याची मले फिकीर नाही. सत्तरी ओलांडली. आता कोण मले काय करन?

पहिले एक ऐकून घ्या — मी वाईट मुकादम नव्हतो. कोराडीच्या पलीकडे राखेच्या विटांचा कारखाना होता. वीजघराची राख ट्रकनं यायची, तिच्यात रेती-सिमेंट मिसळायचं आणि दोन मशीनवर विटा दाबायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माह्या हाताखालचं एक माणूस रिकामं बसलेलं कोणी दाखवावं. मालक म्हणे, काम काढावं तर यानंच. खोटं नव्हता बोलत.

आता मी मनीषनगरले पोराकडं राहतो. तो एका गोदामात साहेब आहे. त्याले ट्रेनिंग देऊन राहिले म्हणे — टार्गेट कसं लावायचं, माणसाले मोटिव्हेशन कसं द्यायचं. परवा जेवताना विचारते, बाबा, तुम्ही कसं करत होते? मी म्हटलं, झेंडा लावत होतो. तो हसला. बाकीचं मी वरणभातासोबत गिळलं.

झेंडा म्हणजे काय, तर बांबूच्या काडीले लाल फडकं. ज्या मशीनच्या विटा जास्त, संध्याकाळी त्या मशीनवर झेंडा. दुसऱ्या दिवशी दिवसभर तो तिथं राहायचा. बक्षीस नाही, मिठाई नाही. पण त्या फडक्यासाठी माणसं अशी राबत की तुम्हाले खोटं वाटन. एका मशीनवर देविदास आणि त्याची माणसं. दुसरीवर बाया, आणि त्यांच्यात पुढं असायची कमल. माही बायको. कारखान्यात ती पण मले मुकादमच म्हणे.

दोन्हीकडच्या विटा एकाच मैदानात जायच्या, एकात एक मिसळून. मोजणारा मी एकटा. आलं ध्यानात?

पहिल्या दिवशी बायांच्या विटा जास्त भरल्या. मी झेंडा कमलच्या मशीनवर लावला. सरळ. तर देविदास सगळ्यांसमोर म्हणाला, "लाव गा मुकादम, घरी जेवाले भेटलं पाहिजे ना." माणसं हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात ढिले सोडले. त्या दिवशीही बायाच पुढं होत्या. संध्याकाळी मी झेंडा काढला आणि देविदासच्या मशीनवर नेऊन लावला.

मग काय झालं? सकाळी माणसं छाती काढून आली. आणि बाया भोंगा वाजायच्या आधीच मशीनपाशी उभ्या. दोन्हीकडचं काम वाढलं. मले त्या दिवशी जे समजलं ते माह्या पोराच्या ट्रेनिंगमध्ये सांगत नसतील — देविदास जिंकला की राबते, आणि माही बायको हरली की राबते.

तेच धरून मी वर्षानुवर्षं कारखाना चालवला. मधून मधून बायाईले देऊन द्यायचो झेंडा, भाजीत मीठ टाकावं तेवढा, आस सुटू नये म्हणून. बाकीचे दिवस विटा तिच्या जास्त आणि झेंडा देविदासचा. नवरा बायकोले झुकतं माप देते असं म्हणायची मग कोणाची हिंमत नव्हती. मालक खुश. तुम्ही असते तर काय केलं असतं? — जाऊ द्या. नका सांगू.

तिले शंका काहून नाही आली? तेच तर. मोजणारा नवरा होता. परका मुकादम असता तर तिनं त्याच्या अंगावर पाटी फेकली असती.

ती भाकर उभ्याउभ्या खाऊन घेई. संध्याकाळी सायकलवर मागं बसून विचारे, "काय चुकते हो आमचं?" आणि मी — इथं हात थांबून राहिला, पण लिहितो — मी तिले सांगत होतो. म्हटलं, साच्याले तेल कमी लावता. म्हटलं, गप्पा जास्त होतात. असं तोंड करून, जसा मोठा जाणकार. काही चुकत नव्हतं तिचं. ती हो म्हणे, आणि सकाळी जाऊन साच्याले जास्त तेल लावे.

इथपर्यंतची मले लाज वाटत नाही. नाही वाटत. काम असंच निघते, आणि जे आज खुर्चीत बसून दुसरं काही सांगतात त्यांनी एक दिवस राखेत उभं राहून दाखवावं.

पण मौद्याचं वेगळं.

मौद्याच्या वीजघराजवळ मालकानं दुसरा कारखाना टाकला. तिथं मुकादम पाहिजे होता. चहा पिता पिता मालक म्हणाला, कमलबाईले पाठवू, बायाईले धरून राहते, कोणाले शिवी देत नाही. तिले बोलावलं. ऐकलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. लग्नातही तसा नव्हता. मग तिनं मान वळवून देविदासच्या मशीनवरच्या झेंड्याकडं पाहिलं.

"नाही जी शेठ," म्हणाली. "ज्याच्या मशीनवर झेंडा टिकत नाही, त्याचं कोण ऐकन?"

मालकानं मले विचारलं, "काय म्हणता मुकादम?"

एकच गोष्ट बोलायची होती — झेंडा तिचाच आहे. मी बशीतला चहा पिला आणि म्हटलं, "बरोबर बोलून राहिली ती."

भीती होती? होती. माही मुकादमी जाईन ही वरची भीती. खालची दुसरी होती. ती मुकादम झाली तर माह्या बरोबरीनं उभी राहीन. मग स्वतः मोजन, आणि मोजणाऱ्याच्या हातात काय असते ते तिले समजन.

देविदास गेला मौद्याले.

त्याच्यानंतर कमल भोंग्यावर येई, भोंग्यावर जाई. भाकर बसून खाई. काय चुकते, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्या मशीनच्या विटा कमी झाल्या, तेव्हा मी झेंडा तिच्याकडं लावायले लागलो. रोज. हक्काचा नसताना. ती त्या काडीवर ओले हातमोजे वाळत घालत असे.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेरवीले तिच्या मशीनवरच्या बाया आल्या होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. एक म्हणाली, "लय राबली वं कमलबाई, पण देविदास होता तोवर झेंडा काही तिच्या नशिबात नव्हता." दुसरी रडता रडता हसली. म्हणाली, "त्या देविदास्याच्या हातात काय जादू होती, माय." मी समोर बुंदीचं भांडं घेऊन उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. मी बुंदी वाढली. त्या म्हणाल्या, बस झाली मुकादम. मी पुढच्या पानावर गेलो.

नशीब नव्हतं ते. मी होतो.

माफी मागून नाही राहिलो. जिच्यापाशी मागायची ती नाही, आणि तुम्ही देणारे कोण? रोज संध्याकाळी ती माह्या सायकलवर मागं बसे, माह्या खांद्यावर हात ठेवून. झेंडा मिळो, न मिळो, हात तसाच. कोराडीपासून घरापर्यंत सांगायले रस्ता होता. रोज होता.

झेंडा तिचा होता.