पायापाशी आणलेली बारव

"उठू नका म्हनलं ना! तितंच बसा बाजेवर."

"अगं, आग होऊन राहिली पायाची. घडीभर बारवेत पाय सोडून बसतो, आन् येतो."

"बारवेत न्हाई जायचं."

"काहून? बारव काय तुह्या बापानं खांदली?"

"माह्या बापानं खांदली असती तर तुमाला पायरीवरबी उभं केलं नसतं."

उकंडराव हसला आणि हसता हसताच त्याचं तोंड वाकडं झालं. पाय हलला होता. डाव्या घोट्याच्या वर फोड फुटलेला, त्याच्या तोंडातून सुतासारखा पांढरा नारू, हातभर लांबीचा जंत, बाहेर आलेला. तो काडीला गुंडाळून वरून चिंधी बांधलेली. रोज सकाळी द्वारकाबाई नवऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि काडीला एक वेढा द्यायची. एकच. हावरेपणानं ओढला की नारू तुटणार, आणि आत तुटलेला नारू म्हणजे पायाचा निकाल. गावातल्या हरिचंदाचा असाच तुटला होता. त्याचा गुडघा आखडला तो आखडलाच. बाभळीच्या काठीवर तो आता खेकड्यासारखा आडवा चालायचा.

आणि इकडे मृग तोंडावर आलेला. पेरणीची तिफण आढ्याला टांगलेली. ती धरणारा बाजेवर.

हे निजामाच्या राज्यातलं, सन एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या सुमाराचं. औंढ्याच्या डोंगराखालचं गाव. द्वारकाबाई मूळची बाळापूरकडची. तिच्या माहेरी आड होता. वर उभं राहून दोरानं पोहरा सोडायचा, भरला की ओढायचा. पाण्याला माणसाचा पाय कधी लागायचा नाही. इथं सासरी आली तेव्हा पहिल्याच सकाळी सासूनं, गोजरबाईनं, तिला बारवेच्या पायऱ्या उतरवल्या आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. "कडंचं पानी गढूळ ऱ्हातं बाई. उलीसं आत जाऊन घागर बुडवावी," सासू म्हणाली. सगळं गाव तसंच करायचं. सगळ्यांचे पाय त्याच पाण्यात, सगळ्यांच्या घागरी त्याच पाण्यात. ज्याच्या पायात नारू त्याला तर बारवेचं गार पाणी म्हणजे मायेचा हात. पाय बुडवला की आग विझायची. पायरीवर ओळीनं बसून, बिड्या ओढत, माणसं दुपार काढायची.

तरी नारू एका-दोघांनाच व्हायचा. गेल्या साली चैतात गावाला हुरूप आला. पाणी तळाला गेलेलं होतं, तेव्हा बारव साफ करायची ठरली. पुढं होता उकंडराव. गाळ काढला, शेवाळ खरवडलं आणि मासोळ्या पकडल्या. बोटाएवढ्या, चांदीच्या चपट्या मासोळ्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात नांदत आलेल्या. पिण्याच्या पाण्यात घाण नको, म्हणून एकूण एक बाहेर काढल्या. टोपलं भरलं. द्वारकाबाईनं त्या दगडावर घासल्या, चिंच घालून कालवण केलं, आणि उकंडरावानं भाकरी मोडून मोडून खाल्लं. बारव अशी लख्ख झाली की उत्तमराव पाटील पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायचा.

पाण्यातून नारू पोटात गेला की वर्षभर गुपचूप राहतो. वर्ष भरलं, आणि घरोघरी बाजा पडल्या.

घरधनी पडला की ते सगळ्यात आधी बैलाला कळतं. गबऱ्या आणि चांद्या, उकंडरावाची जोडी, पोळ्याला गावात मिरवणारी. आता वैरण वेळेवर नाही, पाणी वेळेवर नाही. गोठ्यात गोमाश्यांचं राज्य, कानाच्या मागं गोचिडांचे घोस. नारू माणसाच्या पायात, आणि फासळ्या वर आलेल्या बैलांच्या. द्वारकाबाई एका हातानं घर ओढायची आणि एका हातानं गोठा, पण बाईला हातही देवानं दोनच दिलेले.

तशात हिंगोलीहून दवाखान्याचा एक माणूस सायकलीवर आला. पारावर उभा राहून त्यानं सांगितलं, "देखो भई, पानी कपडे से छान के पीना. जिसके पाँव में नारू है, वो बावडी में नै उतरना. पाँव का नारू पानी में बच्चे छोडता, वोच पीनेवाले के पेट में जाते. और मछलियाँ छोडो. पानी के बारीक कीडे वोच खातीं."

"मासे नारूला खातेत म्हने!" उत्तमराव पाटील म्हणाला. "मंग मासोळीलाच दवाखान्यात नोकरी द्या की!"

पार हसला. पदराआड द्वारकाबाईसुद्धा हसली. पण हसणं सरलं तरी ती गोष्ट मनातून जाईना. रात्री भाकरी थापताना तिला त्या दगडावर घासलेल्या मासोळ्या दिसायच्या. खरं असेल का, खोटं असेल का, तिला काही उमगत नव्हतं. पण पाणी गाळायला काय लागतं? लुगड्याचा जुना पदर दुहेरी करून तिनं घागरीच्या तोंडावर बांधला. आणि नवऱ्याला सांगितलं, बारवेत पाय घालायचा नाही.

"आन् आग?" उकंडरावानं विचारलं. "आग तुहा बाप विझवंल का?"

"बापाला काहून सारखे बोलावता? मी हाय की."

तिनं लग्नातलं तांब्याचं घंगाळ काढलं. चुंबळ डोक्यावर ठेवून बारवेच्या खेपा घातल्या, घंगाळ भरलं आणि बाजेखाली सरकवलं. "घ्या. तुमी बारवेकडं जायचं न्हाई, बारव तुमच्या पायापाशी आनली."

उकंडरावानं पाय बुडवला. डोळे मिटले. मग म्हणाला, "लोक हसतेन, द्वारके."

"हसू द्या. हसल्यानं नारू तुटत न्हाई."

पाणी कोमट झालं की ती ते उकिरड्यावर नेऊन ओतायची आणि नवं आणायची. गोजरबाईला हे बघवेना. "बाई बाई! आमच्या वक्ताला नवऱ्याला पानी पाजत होते. ही तर पायाला पाजून राहिली. इतकी मोठी बारव भरलेली हाय, पोराला घडीभर बसू देत न्हाई. आन् सून खेपा घालून घालून वाळून गेली."

"आत्याबाई, तुमीबी गाळल्यालं पानी पेत जा."

"म्या जल्मभर पेले तसंच पेईन. माहं काय ऱ्हायलं आता?"

उन्हं फार चढली त्या दिवशी द्वारकाबाई बैलं घेऊन ओढ्याच्या डोहावर गेली. जनावरांना पाणी दाखवायचं होतं, अंग घासायचं होतं. घंगाळ भरून ठेवलं होतं, पण उन्हानं ते तापलं. उकंडरावाच्या पायात निखारा ठेवल्यागत झालं. तो बाजेवरून उतरला आणि भिंतीला धरून, कुंपणाला धरून, लंगडत बारवेशी गेला. खाली उतरून शेवटच्या कोरड्या पायरीवर टेकला. आत सावली होती. पाणी काळंभोर, थंड. पाय त्यानं हातानं उचलून धरला.

समोर गुडघाभर पाण्यात त्याची माय उभी होती. घागर पायरीवर ठेवून ती ओंजळीनं पाणी पीत होती. एक ओंजळ. दुसरी. हनुवटीवरून थेंब गळत होते. पिऊन झालं तसं तिनं वर बघितलं.

"आलास का बाबा? सोड, सोड पाय. लई गार हाय. त्या येडीला म्या सांगत न्हाई."

उकंडराव पायाकडे बघत राहिला. मग मायकडे.

"काहून रे? सोड की!"

"तू पेलीस ना आत्ता?"

"पेले. मंग?"

उचललेला पाय त्यानं तसाच मागं घेतला आणि बुडावर सरकत सरकत एकेक पायरी वर चढला.

द्वारकाबाई डोहावरून आली ती बाज रिकामी बघून काळजात चरकली. डोहावरून आणलेली घागर घेऊन तशीच बारवेकडं धावत सुटली. नवरा बारवेच्या तोंडाशी, लिंबाच्या सावलीत पाय लांब करून बसलेला. चिंधी कोरडी. काडी जागेवर.

"घातला न्हाई," तो म्हणाला. लेकरानं मायला सांगावं तसं. "तुह्यासाठी न्हाई, बरं का. लई हवा भरशील डोक्यात. माय पानी पेऊन राहिली होती. माह्याच्यानं पाय उतरंना."

द्वारकाबाई त्याच्या शेजारी बसली. पदरानं त्याच्या पायावरची धूळ पुसली, फोडाला जपून.

"घागरीत काय खळबळून राहिलं?" त्यानं विचारलं.

"मासोळ्या. बैलं डोहात उभी ऱ्हायली की त्यांच्या खुराभवती गोळा होतेत. पदरात धरल्या."

"कालवन?"

"बारवेला पाहुन्या. तुमीच खाल्ल्या ना आदल्या?"

तेवढ्यात उत्तमराव पाटील आला. त्याच्याही पोटरीला चिंधी होती. त्यानं घागरीत डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं. "ए बाई, प्यायाच्या पान्यात मासे? हगतेत की ते!"

"गेल्या साली तुमीबी वाटीभर कालवन नेलं होतं, दादा," द्वारकाबाई मान खाली घालून म्हणाली. "तवा न्हाई इचारलं, ते कुठं हगत होते म्हून."

उकंडराव खदाखदा हसला. पाटलालाही हसू आवरेना. तरी तो पायऱ्यांकडे निघालाच, तेव्हा उकंडरावानं जवळ पडलेली लिंबाची काठी आडवी धरली. "वर बसा, दादा. खाली माह्या मायचं पेयाचं पानी हाय."

"आन् मी काय करू? बोंबलू?"

"बसा इतं. ही आनती."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की दुसरा असता तर जळून गेला असता. मग घागर घेऊन ती खाली उतरली. मासोळ्या सोडल्या. चमकल्या आणि काळ्या पाण्यात नाहीशा झाल्या. घागर विसळून पुन्हा भरली आणि वर आणली.

त्या दिवसापासून उकंडराव लिंबाखालीच बसायला लागला. कोणी चिंधीवाला पाय घेऊन आला की ओरडायचा, "वर! वरच बस!" लोक शिव्या द्यायचे, तोही द्यायचा. काहींच्या बायका घरून घंगाळं घेऊन यायला लागल्या, आणि येताना द्वारकाबाईच्या नावानं बोटं मोडायच्या. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. रात्री कोणी गुपचूप उतरत असेल, तर कोण बघायला गेलं? गोजरबाईनं मात्र एक दिवस, कोणी सांगितल्यावाचून, घागरीवरचा पदर नीट ताणला आणि त्यातून गाळून प्याली. वर म्हणाली, "चव काही बदलली न्हाई." सुनेनं ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी पाय मांडीवर घेऊन द्वारकाबाईनं काडीला वेढा दिला, तेव्हा पुढं काही अडलंच नाही. नारू सरकत आला. तिनं श्वास धरला. बारीक, टोकाला निमुळता, शेवटचा बोटभर भाग अलगद बाहेर पडला. अख्खा. फोडाच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब, बाकी काही नाही.

उकंडरावानं घोटा हळूच फिरवला. मग बोटं हलवली. पाय जमिनीला टेकला आणि उभा राहिला. आढ्याच्या तिफणीकडे त्याचा हात गेला.

"आज न्हाई. दोन दिस दम धरा," द्वारकाबाई म्हणाली. मग तिनं आवाज चढवला. "जखम उघडी हाय, शेनामातीत जाऊ नका!"

काडी नारूसकट तिनं चुलीत घातली आणि पुरती जळेपर्यंत तिथंच बसली. गोठ्यात गबऱ्या हंबरला. ती उठली, लुगडं वर खोचलं, टोपलं उचललं आणि शेण काढायला गेली.