थंड राजमा-भात

अंधेरीत माझं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. सैनिकांना देतात तसली तयार जेवणाची पाकिटंही मी ठेवतो. मासेमारी सुरू व्हायच्या आधी वर्सोव्याची एक कोळीण दरवर्षी ती न्यायला येते. नाव मी कधी विचारलं नाही. ती घासाघीस करत नाही, फक्त प्रत्येक पाकीट दाबून कुठे फुटलंय का ते बघते.

यंदा तिने राजमा-भाताचं पाकीट काउंटरवरच फोडलं.

"मावशी, थांबा ना, गरम करून देतो."

"नको रे. गेल्या साली बोटीचं इंजिन बंद पडलं, गॅसपण संपला. दोन दिवस माझा नवरा हेच थंड खात होता. घरी येऊन मला सांगतो, झकास होतं!"

उभ्यानेच ती खात राहिली. घास गिळताना तोंड वाकडं होत होतं, तरी तिने पाकीट संपवलं.

"खोटारडा कुठला," ती हळूच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मग तिने बारा पाकिटं पिशवीत भरली. चव छान आहे, असं मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. तिच्यापुढे मात्र मी नुसताच पाण्याचा ग्लास सरकवला.