मदत करणारी ती सहाय्यक

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात शेजारच्या टेलरशी माझी पैज लागली. सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस टॉकीजात चाललेल्या सिनेमातल्या विष घालणाऱ्या सावत्र आईला मिळणार, असं मी म्हणालो. तो म्हणाला, हिरोच्या बहिणीला. जिंकलो तर आठ दिवस त्याच्या आडाचं पाणी, हे मी घासाघीस करून ठरवलं.

पेपरात सावत्र आई झालेल्या बाईचंच नाव आलं. घागरी घेऊन गेलो, तर टेलर म्हणतो, "शेट, सहाय्यक म्हंजे मदत करनारी. तिनं तर हिरोला इख घातलं. मदत बहिणीनं केली की!"

"पेपरात छापलंय!" मी ओरडलो.

"मग पेपरवाल्याच्या आडावर जावा."

मिरचीच्या बाजारात भल्याभल्या दलालांना गप्प करणारा मी, बरोबर ओळखूनही आठ दिवस टँकरच्या रांगेत उभा राहिलो.