मिस्सेच्या वेळेचं पाणी

"घरात कोण आहे की नाय, तेच कळत नाही गो," काकी सुनेला सांगत होती. "भूत असतं तर ते तरी भांडी वाजवतं."

सून हसली. कुंपणाच्या अलीकडे, जास्वंदीच्या आड, मी उकिडवी बसून स्प्रिंकलरच्या तोंडातली माती काढत होते. भूत म्हणजे मी.

काकी म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको. नंदाखालला आमच्या दोन वाड्यांत एकच विहीर, एकच मोटर. मोटरीचा पाइप कुंपणाशी दुभागतो; एक फाटा त्यांच्या केळीत जातो, दुसरा आमच्या लॉनला.

लॉन आईचं. केळी काढून तिने तिथे गवताची रोपं लावली तेव्हा लोकांनी विचारलं, "बकऱ्या पाळणार काय?" रोज संध्याकाळी ती पाइप धरून उभी राहायची. ती गेल्यावर गवत कडेने पिवळं पडत गेलं. चर्चमध्ये तिच्या वर्षाची प्रार्थना, मिस्सा, झाली की सगळे घरी येतील, खुर्च्या लॉनवरच मांडू, असं बाबा एकदा जेवताना म्हणाले. त्या जेवणात तेवढंच बोलणं झालं. बाबा अंधारातच कामाला निघतात. मी दिवसभर घरी लॅपटॉपसमोर असते, मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून.

पाइप धरून उभं राहिलं की कुंपणावरून बोलावं लागतं. म्हणून मी स्प्रिंकलर बसवायचं ठरवलं.

आधी पाणी मोजायचं असतं. मी रविवारी सकाळी मोजलं. नळाखाली बादली धरली, फोनवर सेकंद पाहिले. बादली इतक्या भरभर भरली की सहा स्प्रिंकलर सहज चालतील असा हिशेब निघाला. कागदावर लॉन काढलं. एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायाशी पोचेल असे सहा गोल आखले. पाइप पुरायला चर मीच खणला. बोटांना फोड आले, ते कोणाला दाखवायचे होते असं नाही.

सोमवारी संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडला. सहाही तोंडांतून पाणी वीतभर उडालं आणि तिथेच पडलं, म्हाताऱ्यांनी ओळीने बसून चुळा भराव्यात तसं. गळती असेल म्हणून चर परत उकरला. सांधे तपासले, जाळी धुतली. सगळा आठवडा चुळाच.

पुढच्या रविवारी सकाळी सहाही गोल पूर्ण फिरले. गवत कडेपर्यंत भिजलं. मी उभी राहून बघत होते आणि चर्चची घंटा वाजली. रस्त्यावर कोणी नव्हतं. काकीच्या पडवीला कडी होती. सगळे मिस्सेला गेले होते. मी हल्ली संध्याकाळच्या मिस्सेला जाते, मागच्या बाकावर, म्हणजे नंतर आवारात विचारपूस करायला फारसं कोणी नसतं.

काकीचा व्हॉल्व्ह बंद होता. मी मोजलं होतं ते रिकाम्या गावाचं पाणी.

मग तीन-तीनच्या दोन पाळ्या केल्या. अर्धं लॉन आधी, अर्धं मागून. पण काकीचं पाणी चालू असलं की तीन तोंडांनाही पुरत नाही. ती कधी पाणी घेते हे कळावं म्हणून मी खिडकीशी कान देऊन बसले. मोटरीचा आवाज येतो, पण ती कोणासाठी चाललीय ते आवाजावरून कळत नाही. केळीच्या आळ्यात पाणी मुकाट जातं.

आईला हे मोजावं लागलं नव्हतं. ती व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी ओरडायची, "पानी घेते गो!" पलीकडून यायचं, "घे गो, घे!" आणि काकी आपला व्हॉल्व्ह बंद करायची. मला तेव्हा लाज वाटायची, मी खिडकी लावून घ्यायचे. आता वर्षभर आमच्या बाजूने कोणी ओरडलं नव्हतं. काकीला तरी कसं कळावं?

वर्षाची मिस्सा पुढच्या आठवड्यावर आली होती. कुंपणाकडचं गवत अजून पिवळंच होतं. पलीकडे सून आत गेली. काकी आपल्या व्हॉल्व्हकडे वाकली.

मी उठले. गुडघ्यांना चिखल होता, हातात ते स्प्रिंकलरचं तोंड. आवाज फार मोठा निघाला, मधेच चिरकलाही.

"काकी, पानी घेते गो!"