जुन्या दलाचं बटण

पितळेच्या पॉलिशचा वास आला की लंडनच्या हाउन्सलो भागातला एप्रिलचा तो दिवस आठवतो. लष्कर आणि नौदलातून निघून ब्रिटिश हवाई दल स्वतंत्र झालं, त्याला नव्वद वर्षं झाली होती. विमानांची सलामी होती आणि मी युद्धविरोधी पत्रकं वाटत होतो. शेजारच्या इंग्रज आजी दारात बसून गणवेशाचं एक बटण घासत होत्या. "वडिलांच्या मित्राचं. नवं दल होण्याच्या आदल्या आठवड्यात विमानासकट पडला." मी तावातावाने विचारलं, "मग हा सोहळा कसला?" "सोहळ्यात त्याचं नाव नाही, लव्ह. तो लष्कराच्या जुन्या विमानदलातला. तुझ्या पत्रकात आहे?" नव्हतं. त्यात नुसते आकडे होते. विमानं डोक्यावरून गेली, तेव्हा आजींनी बटण वर धरलं. आजही पत्रक लिहिताना मी आधी एका माणसाचं नाव लिहितो, मग आकडे.