कढीची गाडी आणि पेटंट

खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेली माणसं एकत्र आली की किस्से साठतातच. आमच्या गोंदियाच्या मंडळात आम्ही तिघंच: रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले पटले काका, कापड दुकानवाला बिसेन आणि मी. पण किस्से तीस जणांचे!

*

काकांनी स्वतः एक सर्किट बनवलं. पुढच्या रुळावर गाडी उभी असली की मागची आपोआप थांबणार! पहिल्याच दिवशी रूळ रिकामा, तरी गाडी हलेचना. काका दोन तास वायरी तपासत बसले. शेवटी काकूंनी पुढच्या रुळांवर आडवा पडलेला पोह्याचा चमचा उचलला आणि गाडी सुटली.

"पाहिलं? चमचा बी पकडते!" काका नाचायचेच बाकी होते.

*

नव्याण्णव साली काकांच्या मुलीच्या लग्नात आम्ही पंगतीसमोर रूळ टाकले. एका गाडीत पापड, मागच्या गाडीत कढीच्या वाट्या! लोक जेवण सोडून टाळ्या पिटत होते. तेवढ्यात कढी थेट विहीणबाईंच्या शालूवर!

"तुमची गाडी थांबलीच नाही!" म्हणत त्या पानावरून उठल्या, त्या नऊ वर्षं काकांच्या दारात आल्या नाहीत.

*

मग काका ती सर्किटं बनवून इतर नादिष्टांना देऊ लागले, तशी एका बड्या कंपनीची नोटीस आली. अशा सर्किटचं पेटंट म्हणे त्यांचं, काकांनी बनवणं बंद करावं. काकांचा चेहराच उतरला. "माह्या हातानं बनवलं, अन् मीच चोर?" मला असा संताप आला!

"कायले घाबरता काका?" बिसेन म्हणाला. "म्हना, खऱ्या रेल्वेले बी नोटीस धाडा!"

*

नागपूरचे वकील म्हणाले, "कंपनीचा पेटंटचा अर्ज दोन हजार सालचा. त्याआधी गाडी चारचौघांत आपोआप थांबली होती, एवढं दाखवा."

लग्नाची कॅसेट! आम्ही उड्याच मारल्या. पापडाची गाडी उभी राहिली, कढीची जवळ आली, आम्ही श्वास रोखले, आणि शूटिंगवाल्यानं पडदाभर लाल बदाम उडवले! बदाम गेले तेव्हा कढी शालूवर पोहोचली होती.

लग्नात बाकी सगळ्यांचं, आमचंसुद्धा, लक्ष पापडाच्या गाडीकडे होतं. आता साक्षीदार एकच.

*

वकिलांना घेऊन आम्ही अर्जुनी मोरगावला विहीणबाईंकडे गेलो. काकांनी हात जोडले. "जे खरं असन तेच सांगा जी."

वकिलांनी कागद काढला. "गाडी थांबली होती?"

विहीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"थांबली होती जी. पापडाच्या गाडीमागं चांगली वीतभर दूर थांबली होती. वाटीले हात पुरत नव्हता, म्हनून मीच गाडी वढली!"